ओला पडदा : भोपाळच्या घरांतील हवेचा इतिहास

साहित्याला वाहिलेल्या या पृष्ठांत भिंती, खिडक्या आणि धुराडी यांचा विषय काढल्याबद्दल काही वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या भाषेने पडवी, माजघर, परसदार, गवाक्ष, झरोका, माळवद असे शब्द घडविले, त्या भाषेच्या उपासकांना हा विषय परका वाटू नये. मध्यंतरी आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला आम्ही 'झरोका' या शब्दाचा अर्थ विचारला. एका विद्यार्थ्याने 'राजवाड्यातील नक्षीची खिडकी' असे उत्तर दिले. ते चूक नव्हते. पण छताजवळचे ते लहानसे भोक घरात कशासाठी ठेवीत, हे वर्गातील एकालाही सांगता आले नाही. वस्तू वापरातून गेली म्हणजे शब्द काही काळ टिकतो, परंतु त्याच्या पाठीमागचे ज्ञान आधीच निघून गेलेले असते. ते ज्ञान भोपाळात कसे नांदले, कसे विस्कटले आणि आज आपल्याला त्याची गरज का आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

घराची कर्तव्ये मुख्यतः दोन. ऊन, पाऊस, थंडी आणि धूळ बाहेर थोपविणे हे पहिले. आतल्या माणसांना स्वच्छ हवा पुरविणे व वापरलेली हवा, धूर आणि दमटपणा बाहेर घालविणे हे दुसरे. ही दोन्ही कर्तव्ये एकमेकांच्या विरुद्ध जातात. भिंत जितकी बंदिस्त तितके पहिले काम चांगले आणि दुसरे वाईट. गृहरचनेचा सारा इतिहास म्हणजे या दोहोंमध्ये तडजोड घडवून आणण्याचा इतिहास होय.

भोपाळचे हवामान ही तडजोड अवघड करते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते. जुलैपासून पावसाळी दमटपणा येतो. आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री शेगडीजवळ बसावेसे वाटते. एकाच घराने तिन्ही ऋतू निभवावयाचे असतात. जुन्या शहराने यावर काय उपाय योजले होते, हे पाहावयाचे तर बड्या तलावाच्या काठी असलेल्या गौहर महालात जावे. कुदसिया बेगमांनी तो १८२० साली बांधविला. जाड भिंती, खुले चौक आणि चौकांभोवती दालने अशी त्याची मांडणी आहे. दीड-दोन फूट जाडीची दगडी भिंत दुपारचे ऊन शोषते व त्याची झळ आत पोचविण्यास दहा-बारा तास लावते. तोवर रात्र झालेली असते आणि चौकातून गार वारा खेळू लागलेला असतो. पुण्या-साताऱ्याकडील वाड्याच्या चौकाचे तत्त्वही हेच. चौकातील तापलेली हवा वर जाते व तिच्या जागी सावलीतील हवा ओढली जाते.

पुढे शाहजहाँ बेगमांनी १८७१ ते १८८४ या काळात भोपाळचा ताजमहाल उभारला. त्यातील सावन-भादों या मंडपात श्रावणसरींचा भास व्हावा अशी पाण्याची योजना होती. त्यांच्या कन्या सुलतान जहाँ बेगम यांनी गृहव्यवस्था व आरोग्यरक्षण या विषयांवर उर्दूत पुस्तके लिहिली, हेही येथे नमूद केले पाहिजे. घरातील स्वच्छता हा राज्यकर्त्या स्त्रीने लेखणी उचलण्याजोगा विषय आहे, असे मानणारी परंपरा या शहरात होती.

परंतु महालांपेक्षा आमचे लक्ष एका साध्या वस्तूकडे अधिक जाते. ती म्हणजे वाळ्याची ताटी. बांबूच्या चौकटीत वाळ्याच्या मुळ्या बसवून ती दारात किंवा खिडकीत उभी करीत आणि तिच्यावर पाणी शिंपीत. वारा ओल्या मुळ्यांतून जाताना पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता वाऱ्यातून घेतली जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. हे सारे एका घागरीवर आणि शिंपणाऱ्या हातावर चालत असे. यातील खरी मेख मात्र वेगळीच आहे. समोरची खिडकी उघडी नसेल तर ताटी निरुपयोगी ठरते, कारण आतली हवा बाहेर गेल्याखेरीज बाहेरची ओल्या ताटीतून आत येत नाही. म्हणजे गारवा आणि ताजी हवा ही दोन्ही एकाच कृतीने मिळत. वर सांगितलेली दोन कर्तव्ये येथे भांडत नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाले. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्यामुळे तेथील कितीतरी मराठी कर्मचारी कुटुंबांसह इकडे आले. तात्या टोपे नगरातील सरकारी वसाहतींत त्यांचे संसार थाटले गेले. विदर्भाच्या उन्हाळ्याचा अनुभव असलेल्या या मंडळींना भोपाळ सौम्यच वाटले असले पाहिजे. मातीच्या भिंतींचे, कवेलूंचे आणि सारवलेल्या अंगणाचे घर मागे राहिले. त्याच्या जागी विटांची पातळ भिंत व वर सपाट छत ही त्या काळच्या सरकारी बांधकामाची तऱ्हा आली. अशा छताखालची खोली संध्याकाळीच तापते. तरीही एक जुनी खूण शिल्लक होती. भिंतीच्या माथ्यावर, छताच्या खाली, हिंदीत ज्याला रोशनदान म्हणतात तो झरोका असे. कोळशाच्या शेगडीचा वायू आणि फोडणीचा ठसका तेथून निघून जाई. वाळ्याच्या ताटीने कूलरचे रूप घेतले; पण कूलरलाही उघडी खिडकी लागतेच. त्या वसाहतींतील पुष्कळ घरे अलीकडे स्मार्ट सिटी योजनेत पाडण्यात आली. घरे जुनी झाली होती, तेव्हा त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. रोशनदाने मात्र नव्या इमारतींत फारशी गेली नाहीत.

यानंतर ज्या घटनेचा उल्लेख टाळून भोपाळच्या हवेविषयी एक ओळही लिहिता येत नाही, तिच्याकडे वळले पाहिजे. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील एका टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट तापून बाहेर पडू लागले. थंडीचे दिवस होते. लोक दारे लावून, गोधड्या पांघरून झोपले होते. कारखान्यासमोरील जयप्रकाश नगरासारख्या वस्त्यांत मात्र फळ्या, पत्रे आणि गोणपाट यांच्याच भिंती होत्या. फटी बुजविण्याची ऐपत नसलेल्या घरांत तो वायू सर्वांत आधी शिरला. कोणी मिरच्या जाळल्या असाव्यात, असे अनेकांना प्रथम वाटले. हा वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड असल्याने जमिनीलगत राहिला आणि लहान मुलांना त्याने अधिक गाठले. लोक धावत सुटले. धावताना श्वास मोठा होतो आणि विष अधिक आत जाते. तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, एवढे दोन शब्द वेळेवर कोणी सांगितले असते तर अनेक प्राण वाचले असते, असे पुढे वारंवार म्हटले गेले. सरकारी आकड्याप्रमाणे सुरुवातीसच २,२५९ माणसे दगावली. वायूची बाधा झालेल्यांची संख्या पाच लाखांच्या वर गेली.

आम्ही त्या वेळी शाळकरी होतो आणि तलावाच्या अलीकडे, नव्या भोपाळात राहत होतो. म्हणून आज हे लिहू शकतो. त्याच महिन्यात १६ तारखेस कारखान्यात उरलेले रसायन निकामी करण्याचे काम सुरू झाले. सरकारने त्यास 'ऑपरेशन फेथ' असे नाव दिले होते. परंतु लोकांचा विश्वास केव्हाच उडाला होता, आणि हजारो कुटुंबे गाव सोडून निघाली. आम्हांलाही नागपूरला आजोळी धाडण्यात आले. त्या दिवसांत कारखान्याच्या कुंपणावर ओले गोणपाट लावले होते आणि हेलिकॉप्टरांतून पाणी शिंपडले जात होते. वायू निसटलाच तर पाण्याने अडावा, हा त्यामागील हेतू. आजोबांनी वर्तमानपत्रातील ते वर्णन वाचले आणि एवढेच म्हणाले, "म्हणजे ताटीच लावली की." त्या वयात आम्हांला ते बोलणे कळले नव्हते. ज्या ओल्या पडद्याने या शहराने पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा आवरला, तोच पडदा दोन आठवडे आधी वस्त्यांतील लोकांच्या हाती ओल्या फडक्याच्या रूपाने असता तर, हा विचार पुढे कितीतरी वर्षांनी मनात आला. तो अजून जात नाही.

या रात्रीवरून कोणी असा निष्कर्ष काढील की, घरे घट्ट बंद करावीत हेच खरे. पण इतर देशांचा अनुभव निराळे सांगतो. जर्मनीतील माक्स फोन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ सालीच दाखवून दिले होते की, खोलीतील हवा किती वापरली गेली आहे हे तीतील कार्बन डायऑक्साइडवरून ओळखता येते. हजारात एक भाग ही त्याने घातलेली मर्यादा आजही प्रमाणासारखी वापरली जाते. तरीही १९७३ च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देशांत इंधन वाचविण्यासाठी घरांच्या फटी बुजविण्याची मोठी लाट आली. इंधन वाचले, परंतु रंग, चिकटद्रव्ये, बुरशी आणि ओलावा यांची हवा आतच कोंडून राहू लागली, आणि माणसांना आजारी पाडणाऱ्या इमारतींची चर्चा सुरू झाली. योगायोग असा की, १९८४ च्या डिसेंबरातच अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एका अणुवीजकेंद्रातील अभियंता कामावर जाताना तेथील किरणमापक यंत्रे वाजू लागली. शोधाअंती कळले की किरणोत्सर्ग केंद्रातला नसून त्याच्या राहत्या घरातला आहे. जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू तेथे साचला होता. फटीही बुजवाव्यात आणि हवा खेळण्याचा मार्गही योजून ठेवावा, हा धडा त्या देशांना असा उशिरा मिळाला.

आता आपल्याकडील आजची स्थिती पाहू. वातानुकूलन यंत्र ही चैन राहिलेली नाही, आणि भोपाळच्या मे महिन्यात वृद्धांना व रुग्णांना ते नाकारण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु भिंतीवर बसवलेले नेहमीचे यंत्र आतलीच हवा फिरवून फिरवून थंड करते. खिडकी बंद ठेवल्याशिवाय ते परवडत नाही. ताटीत जुळलेली दोन कर्तव्ये येथे पुन्हा वेगळी होतात. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. भिंतींतून व खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तीत आहे. आणि संमिश्र हवामानाच्या प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान १२.५ टक्के, म्हणजे एक-अष्टमांश, असावे असेही तीत म्हटले आहे. आजीचा झरोका आकडेवारीच्या वेषात परत आला, असे आम्हांस हे वाचताना वाटले.

आमच्याच शाळेचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खोलीत संगणक आले, यंत्र आले, आणि धूळ नको म्हणून झरोके पुठ्ठ्याने बुजविण्यात आले. त्या आदेशावर सही आमचीच होती. दुपारच्या तासाला मुले जांभया देतात, त्यांचे डोके दुखते, अशी तक्रार शिक्षक करू लागले. आम्ही मुलांच्या आळसावर एक भाषणही ठोकले. शेवटी एका शिक्षिकेने हवा मोजण्याचे लहानसे यंत्र आणले. बाहेर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाखांत सुमारे ४२० भाग असते. त्या खोलीत तास संपताना काटा पेटेनकोफरच्या मर्यादेच्या दुपटीवर गेला होता. मुले आळशी नव्हती. पुठ्ठे काढून तेथे जाळी बसविली, छतावर पांढरा चुना दिला, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून बांबूचे पडदे लावले. यंत्र आता २६ अंशांवर चालते आणि दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटे खिडक्या उघडतात. भाषणाबद्दल मुलांची क्षमा मागावयास आम्हांला एक आठवडा लागला, हे प्रांजळपणे सांगतो.

शिक्षकबंधुभगिनींना आमची एक विनंती आहे. भोपाळात श्यामला टेकडीवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाच्या आवारात देशातील अनेक जनजातींची घरे त्या त्या पद्धतीने बांधून ठेवली आहेत. जवळच चार्ल्स कोरिया यांनी टेकडीच्या उतारात बसविलेले, १९८२ साली उघडलेले भारत भवन आहे. मुलांना तेथे न्यावे आणि केवळ 'किती सुंदर' म्हणून परत आणू नये. या घरात ऊन कोठून अडते, वारा कोठून येतो, धूर कोठून जातो, असे तीन प्रश्न त्यांना विचारावेत. मग आपापल्या घरी जाऊन तेच प्रश्न स्वयंपाकघराला विचारण्यास सांगावे. ज्यांच्या आजी-आजोबांची फुप्फुसे त्या रात्रीने निकामी केली, अशी मुले आजही आमच्या वर्गांत बसतात. त्यांच्या घरी चुलीचा धूर साचणे किंवा थंडीत बंद खोलीत शेगडी पेटविणे म्हणजे काय, हे त्यांना कोणीतरी वेळेवर सांगितले पाहिजे. १९८४ साली सांगणारे कोणी नव्हते. यापुढे तसे म्हणण्याची पाळी येऊ नये, एवढे काम शाळेच्या आवाक्यातले आहे.