गिटारचे सर शोधताय? आधी थोडा इतिहास ऐका



मुलुंडला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने गेल्या वर्षी गिटारचा क्लास लावला. सहा महिन्यांची फी आगाऊ भरली. चार कॉर्ड आणि दोन गाणी झाली. मग एक दिवस त्याने विचारलं, "सर, इथे जी मेजरच का?" सर म्हणाले, "व्हिडिओत तसंच दाखवलंय." तेव्हापासून गिटार कपाटावर आहे.

बोरिवली घ्या नाहीतर घाटकोपर, क्लासच्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात. मग चांगले सर ओळखायचे कसे? त्यासाठी जरा मागे जाऊ. कारण "क्लास लावणं" ही गोष्टसुद्धा कधीतरी सुरू झालीये.

सव्वाशे वर्षांपूर्वी गाणं शिकायचं म्हणजे बहुतेक वेळा गुरूच्या घरी राहायचं, सेवा करायची आणि त्यांची मर्जी होईल तेव्हा विद्या मिळायची. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी हे बदलायला घेतलं. 1901 मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, 1908 मध्ये मुंबईत. आता वर्ग आले, अभ्यासक्रम आला, छापील पुस्तकं आली. आपल्या पेटी-तबल्याच्या क्लासातल्या प्रारंभिक ते विशारद परीक्षा याच परंपरेतल्या. गंमत म्हणजे पलुसकरांचा जन्म 1872 चा, आणि आज गिटारवाली मुलं ज्यांच्या ग्रेड परीक्षा देतात ते लंडनचं ट्रिनिटी कॉलेजही 1872 चंच!

पाश्चात्त्य वाद्यं मात्र वेगळ्या वाटेने आली. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना सॉल्फेज, म्हणजे कागदावरचे सूर वाचून गायला, आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्यातली कितीतरी मुलं पुढे मुंबईत आली. आधी हॉटेलांतले जॅझ बँड, मग सिनेमाचे ऑर्केस्ट्रा. संगीतकार चाल ऐकवायचे. ती पन्नास वाजवणाऱ्यांसाठी कागदावर उतरवायचं काम अनेकदा गोवेकर अरेंजर करायचे. शंकर-जयकिशन यांच्यासोबत सेबॅस्टियन डिसूझा होते.

आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस होते. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात जे नाव येतं, ती प्यारेलालांनी आपल्या सरांना दिलेली मानवंदना! अख्ख्या देशाने ते नाव गुणगुणलं, पण तो खराखुरा संगीतशिक्षक आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं. ऑर्केस्ट्रातल्या बहुतेकांची नावं तर पडद्यावर आलीच नाहीत.

गिटारचं म्हणाल तर 'दम मारो दम' (1971) आठवा. ती गिटार भूपिंदर सिंग यांची. गाण्याचं शिक्षण घरातूनच मिळालेलं, दिल्लीत आकाशवाणीवर वाजवत होते, तिथून मदन मोहन यांनी त्यांना मुंबईत आणलं. एकीकडे वाचणारे डोळे, दुसरीकडे तयार कान. मुंबईची गिटार या दोन्हींवर उभी आहे.

पुढे सिंथेसायझर आणि कॉम्प्युटर आले, ऑर्केस्ट्राचं काम आटलं. दुसरीकडे, 1962 ते 65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चमध्ये लोकांच्या भाषेत प्रार्थना होऊ लागली आणि गायकवृंदात गिटारही आली. म्हणून अंधेरीची अंबोली, मरोळ, मालाडचं ऑर्लेम किंवा बोरिवलीची आयसी कॉलनी इथे चौकशी केलीत, तर पाटी न लावता शिकवणारं कुणीतरी सापडू शकतं.

मुद्दा काय, या शहरात चांगला मास्तर नेहमी पाटीवरून कळतोच असं नाही. तो त्याच्या शिष्यांवरून कळतो. म्हणून फी भरण्याआधी एक तास बसून बघा आणि विचारा: सर, तुम्ही कुणाकडे शिकलात? तुमच्याकडे शिकलेल्या कुणाचं वाजवणं ऐकायला मिळेल का? मी एखादं गाणं गुणगुणलं, तर त्याचे कॉर्ड इथे बसून शोधून दाखवाल का? आणि ते शोधायला मला शिकवाल का?

शेवटच्या प्रश्नावर सर खूश झाले, तर तिथे थांबा. चिडले, तर चप्पल घाला आणि निघा.

माझ्या मित्राने परवा गिटारवरची धूळ पुसली. हे प्रश्न त्याला पाठवलेत. तुम्हीही कुणाला तरी पाठवा. भेटू पुढच्या भागात!