कंपनीतून घरी आलेले शब्द

गेल्या वर्षी आपल्या बॅचच्या ग्रुपवर मेलबर्नहून एक मेसेज आला. आपला एक वर्गमित्र तिथे वेल्डर आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याने लिहिले होते, ‘इथे दांडी मारण्याला सिकी म्हणतात, चहाच्या सुट्टीला स्मोको, दुपारला आर्वो आणि कामचुकाराला ब्लजर. ऐकलं की आपल्या बापांची कंपनीची भाषा आठवते.’ झाले! त्याखाली दिवसभर शब्दांचा पाऊस पडला. खाडा, ओटी, नाइट मारणे, पाट्या टाकणे, कार्ड पंच, कलटी, बदली, परमनंट. स्मरणिकेच्या मंडळींनी मला सांगितले, ‘तू टाइम ऑफिसात आहेस, तूच लिही यावर.’ म्हणून हा लेख.

हे शब्द पिंपळे गुरवमध्ये आले कसे, यासाठी थोडे मागे जायला हवे. पवनेच्या अलीकडे आपले गाव आणि गावाची शेती. पलीकडे कासारवाडी-दापोडीची रेल्वेलाइन, मुंबई-पुणे रस्ता आणि त्याच्या कडेने कारखाने. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये एमआयडीसी आली आणि त्याच दशकात बजाज, टेल्को अशा मोठ्या कंपन्या या पट्ट्यात उभ्या राहिल्या. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कामाला माणसे साताऱ्याहून, सोलापूर-लातूरकडून, जळगावहून, बुलढाण्याहून, कोकणातून आली. सुरुवातीला भाड्याच्या खोलीत राहिली आणि मग कुणी एक, कुणी अर्धा गुंठा घेऊन पत्र्याचे घर टाकले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. गणिताच्या सरांनी शिकवण्याआधीच हा आकडा आपल्याला घरी पाठ झाला होता. ज्यांच्या बापजाद्यांच्या जमिनी होत्या, त्या आपल्या गाववाल्या मित्रांना पुढे ‘गुंठामंत्री’ ही पदवी मिळाली. त्यांनी ती हसतहसत स्वीकारली आणि या मेळाव्याचा मंडपही त्यांनीच दिला आहे, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

आपल्या १९९० च्या दहावीच्या वर्गात ‘काय करतोयस?’ हा साधा प्रश्न कोणी ‘काय करायलास?’ असा विचारायचा, कोणी ‘काय करून राहिला?’, तर खानदेशातला मित्र ‘काय करी ऱ्हायना?’ असा. एकमेकांना आपण किती हसलो! बाई ते सगळे फळ्यावर प्रमाण मराठीत सरळ करून घ्यायच्या. पण घरोघरची बोली वेगळी असली तरी कंपनीचे शब्द मात्र सगळ्यांचे एकच होते. लातूरच्या काकांनाही खाडा पडायचा आणि चिपळूणच्या काकांनाही. मला तर वाटते, आपल्या आळीची खरी पहिली समाईक भाषा हीच.

आणि ती काही कारखान्यांबरोबर नव्याने जन्मलेली नव्हती. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. ‘चावी’, ‘घमेले’ आणि ‘मेस्त्री’ हेही तिकडचेच. म्हणजे एमआयडीसीच्या तीन-चारशे वर्षे आधी हे शब्द कोकण किनाऱ्याला लागले होते आणि तिथून हळूहळू घाट चढले. ‘बदली’ मुंबईच्या गिरण्यांतून आला. तिथे कायम कामगार गैरहजर राहिला की दारात उभ्या असलेल्या बदलीवाल्याला आत घेत. १९८२ च्या संपानंतर गिरणी सोडून आलेले एक आजोबा आपल्या गल्लीत राहायचे, ते कुणाच्या जागी क्रिकेटमध्ये फील्डिंगला उभ्या राहिलेल्या पोरालाही ‘बदली’ म्हणायचे. ‘पाट्या टाकणे’ तर मातीकामावरच्या मजुराचे. पाटी भरायची, नेऊन टाकायची, परत यायचे, डोके वापरायचे नाही. पुढे कंपनीतले, बँकेतले, कॉलेजातले सगळेच पाट्या टाकू लागले. (गुरुजनांनी राग मानू नये.)

‘टेम्पो’ची गोष्ट मला सर्वांत आवडते. हा शब्द कोणाला परका वाटतो का? भाजीचा टेम्पो, वाळूचा टेम्पो, गणपतीचा टेम्पो. खरे तर ते हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या तीनचाकी गाडीचे नाव. तिच्याशी करार करून १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी सुरू झाली, तिचा कारखाना आपल्या आकुर्डीत. गाडी इतकी चालली की गाडीचे नाव मालवाहू गाड्यांच्या सगळ्या जातीलाच चिकटले. २००५ मध्ये कंपनीने स्वतःच्या नावातून टेम्पो काढून फोर्स मोटर्स असे नाव घेतले, पण आपल्या तोंडातून तो काढता आला नाही. तसेच टेल्कोचे. २००३ मध्ये ती टाटा मोटर्स झाली, तरी रिक्षावाल्याला आजही टेल्को रोडच सांगावा लागतो.

काही शब्दांनी घरात गोंधळही घातला. ओव्हरटाइमला सगळे ओटी म्हणायचे. शेजारच्या काकू एकदा दारात येऊन म्हणाल्या, ‘आज ह्यांची ओटी आहे.’ गावाहून नुकतीच आलेली माझी आजी उठली आणि खण-नारळ शोधू लागली.

असली बोली कोशात घालण्यासारखी नाही असे मानणारे नेहमीच असतात. मेलबर्नच्या त्या मेसेजनंतर मी ऑस्ट्रेलियाबद्दल थोडे वाचले. तिथे लिहिला गेलेला पहिला शब्दकोश कोणा पंडिताचा नाही. जेम्स हार्डी वॉक्स नावाच्या, इंग्लंडातून जहाजाने पाठवलेल्या कैद्याने न्यूकॅसलच्या वसाहतीत १८१२ मध्ये चोरांच्या बोलीची यादी केली. ती १८१९ मध्ये छापून आली. त्यातला गाठोड्यासाठीचा ‘स्वॅग’ हा शब्द पुढे तिथल्या खेड्यापाड्यांत रुळला. आपल्याकडे १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि त्यानेही पोथीतल्या शब्दांबरोबर बाजारातले, शेतातले शब्द घेतले. कंपनीच्या बोलीला मात्र असा कोणी भेटला नाही. नारायण सुर्व्यांच्या कवितेत आणि भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’त मुंबईचे गिरणगाव आणि नाके आले. आपल्या पट्ट्याचे शब्द मस्टरवर आणि चहाच्या टपरीवरच राहिले.

आता एका शब्दाबद्दल, ज्याच्यासाठी मी खरे तर लिहायला बसलो. तो शब्द म्हणजे ‘ब्रेक’.

नववीत बाईंनी ‘माझे वडील’ हा निबंध दिला होता. एकाने लिहिले, ‘सध्या बाबांना ब्रेक मिळाला आहे.’ बाईंनी त्याला ते वाचायला सांगितले. तो वाचत असताना मी मागच्या बाकावरून सायकलच्या ब्रेकचा आवाज काढला, किर्रर्र. सगळा वर्ग हसला. तो वही मिटून खाली बसला. बाईंनी मला बाहेर काढले नाही. त्याला फळ्याजवळ बोलावून शांतपणे विचारले, ‘ब्रेक म्हणजे काय रे, मलाही सांग.’ तो फळ्याकडे बघत म्हणाला, ‘सात महिने झाले की काढतात. घरी बसवतात. मग नवा नंबर देऊन परत घेतात. कधी घेत नाहीत.’ त्यानंतर तास संपेपर्यंत कोणी बोलले नाही. पण पुढे वर्षभर त्याला सगळे किर्रर्र म्हणत होते, आणि ते नाव मी पाडले होते.

माझे वडील परमनंट होते. परमनंट म्हणजे काय, हे आपल्याकडे लग्नाच्या बैठकीतही विचारले जायचे. त्यामुळे सात महिन्यांचा हिशेब मला माहीत असण्याचे कारण नव्हते. तो पुढे नोकरीत कळला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात असे होते की बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की सलग एक वर्षाची सेवा धरायची. मग नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय कामगाराला कमी करता येत नसे. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत तर २४० दिवस सलग काम केलेल्या टेम्पररी कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. कायदा कामगाराच्या बाजूचा होता. म्हणूनच २४० दिवस भरूच द्यायचे नाहीत, अशी रीत पडली. सात महिने म्हणजे साधारण २१० दिवस. कायद्याच्या त्या आकड्याच्या अलीकडे जी फट उरली, तिचे नाव ब्रेक. त्या मित्राच्या घरात फी, किराणा, गावी पाठवायची मनिऑर्डर, सगळे या फटीच्या हिशेबाने चालत असणार.

१९९९ मध्ये माझ्या वडिलांच्या कंपनीत तीन अक्षरांचा नवा शब्द आला, व्हीआरएस. स्वेच्छानिवृत्ती. वडील म्हणायचे, ‘स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी.’ ‘परमनंट’ या शब्दाचा आमच्या घरातला रुबाब त्या दिवाळीपर्यंतच टिकला.

मी गेली अठरा वर्षे चाकणच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात आहे. मधल्या काळात आणखी एक शब्द आला, ‘नीम’. शिकता शिकता काम करण्याची ती सरकारी योजना २०१३ ची. नांदेड-बीडकडची पोरे फोनवर घरी सांगायची, ‘नीमवर आहे.’ पलीकडून आई विचारायची, ‘कडूनिंबाचं काय काम आहे तिथं?’ हसू यायचे आणि हसवतही नसे. आणि ‘ब्रेक’ हा शब्द अजून जसाच्या तसा आहे. दर महिन्याच्या वीस तारखेला त्याची यादी कॉम्प्युटरवर मी काढतो. नाव, टोकन नंबर, रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस. खाली माझी छोटी सही असते.

मेलबर्नचा वेल्डर म्हणजे तोच मित्र. दहावीनंतर त्याने आयटीआय केले, काही वर्षे दुबईत काढली, मग तिकडे गेला. मी त्याला एकट्याला मेसेज करून विचारले, ‘तिकडे ब्रेकला काय म्हणतात?’ त्याचे उत्तर आले, ‘ब्रेक नाही, कॅज्युअल म्हणतात. ताशी पैसे जास्त, पण उद्याचा भरवसा नाही. मी पाच वर्षे कॅज्युअल होतो, आता परमनंट आहे.’ आणि खाली एकच शब्द, ‘किर्रर्र.’

मी माफीचा मेसेज दोनदा लिहून खोडला. तो मेळाव्याला येतो आहे, तेव्हा समोरच बोलेन.