युरोपातील कायद्याचे शिक्षण आणि वकिलीची सनद (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

युरोपीय विद्यापीठांत कायदा शिकणे आणि त्या आधारे तिकडे किंवा परतल्यावर इकडे वकिली करण्याची पात्रता मिळवणे, असा हा दुहेरी विषय आहे. पदवी विद्यापीठ देते, वकिलीचा परवाना मात्र त्या त्या देशातील वकिलांची नियामक संस्था देते. एका देशाची पदवी दुसऱ्या देशातील परवान्याला आपोआप पुरत नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतून परदेशी जाणाऱ्यांच्या घरात 'बाहेरून एलएलएम केलं की झालं' असा समज बराच रुजलेला आहे. एलएलएम ही पदव्युत्तर पदवी आहे. सनदेसाठी भारतात तिचा उपयोग नाही आणि बहुतेक युरोपीय देशांतही ती एकटी पुरत नाही.

पूर्वपीठिका : मुंबई इलाख्यात 'बॅरिस्टर' ही पात्रता लंडनच्या चार इन्समधून, म्हणजे तेथील वकिलांच्या संस्थांमधून, येई : लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. अभ्यासाइतकेच महत्त्व 'टर्म' भरण्याला होते आणि टर्म भरायची म्हणजे इनच्या भोजनगृहात ठरलेल्या वेळा जेवायला हजर राहायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये ग्रेज इनमध्ये नाव घातले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईत वकिली करू लागले. त्याच ग्रेज इनने वि. दा. सावरकरांना परीक्षा उत्तीर्ण होऊनही १९०९ मध्ये राजकीय हालचालींमुळे बॅरिस्टरी नाकारली. परीक्षा आणि परवाना या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचा याहून ठसठशीत दाखला नाही. स्त्रियांना तर हा फरक आणखी कडवटपणे भोगावा लागला. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची बीसीएल परीक्षा दिली, पण पदवी त्यांच्या हाती पडली १९२२ मध्ये. ब्रिटनने १९१९ च्या कायद्याने स्त्रियांना हा व्यवसाय खुला केला. मिठन टाटा (पुढे लाम) १९२३ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

मुंबईच्या वकिलांच्या लेखी ठाणे म्हणजे मोफसल. उच्च न्यायालयाची मूळ बाजू दीर्घकाळ बॅरिस्टर व सॉलिसिटरांची मक्तेदारी होती. जिल्हा न्यायालयांत वकील आणि प्लीडर काम चालवत आणि त्यांना विलायतेची गरज नसे. तरी विलायतेच्या बॅरिस्टरीचा आणि ठाण्याच्या कचेरीचा एक संबंध विसरण्याजोगा नाही. महाडच्या चवदार तळ्यावरील दाव्यात आंबेडकर प्रतिवादी होते. महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळल्यावर वादींचे अपील ठाण्याच्या न्यायालयात आले आणि तेथेही फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला.

भारतातील सनद : आज सर्व काही १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमावर चालते. त्याच्या कलम २४ ने बॅरिस्टरांसाठी एक मुदत घातली : ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झालेल्याला त्या बळावर येथे नाव नोंदवता येई. त्यानंतर बॅरिस्टरीचा हा रस्ता बंद झाला. त्याच सुमारास मुंबईतील सॉलिसिटर आणि ॲडव्होकेट यांची दुहेरी पद्धतही कायद्याने संपली. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटर परीक्षा मात्र अजून घेते.

परदेशी पदवी घेऊन परतणाऱ्याची स्थिती अशी : पदवी भारतीय विधिज्ञ परिषदेने मान्य केलेल्या विद्यापीठाची हवी आणि अभ्यास नियमित उपस्थितीने केलेला हवा. पत्रद्वारे किंवा दूरशिक्षणाने घेतलेली एलएलबी चालत नाही. त्यानंतर भारतीय कायद्याच्या मूळ विषयांवरची परिषदेची पात्रता परीक्षा, मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी आणि शेवटी अखिल भारतीय बार परीक्षा. जाण्यापूर्वी नीट पाहण्याची गोष्ट म्हणजे वर्षांचा हिशेब. भारतात बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. बारावीनंतर थेट इंग्लंडात घेतलेली तीन वर्षांची एलएलबी या दोन्ही साच्यांत बसत नाही, म्हणून परिषद अशांना पूरक अभ्यासक्रम करायला लावते. त्याचे नियम बदलत आले आहेत. डोंबिवलीतून अठराव्या वर्षी पोराला थेट बर्मिंगहॅमला धाडण्यापूर्वी पालकांनी हे वाचावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्यासोबतचे दोन नवे कायदे लागू झाल्याने जुन्या दंडसंहितेच्या पाठांतरावरही आता भागत नाही. नोंदणीचे शुल्क मात्र परवडणारे झाले. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात बार कौन्सिलांना कायद्यातील रकमेवर बांधले : खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये.

म्हणून या भागातील विद्यार्थ्यासाठी सर्वांत सुरक्षित क्रम साधा आहे. आधी येथली एलएलबी करावी. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे टीएमसी लॉ कॉलेज आहे, मुंबईची महाविद्यालये लोकलच्या अंतरावर आहेत. मग सनद काढावी, कोर्टनाक्यावर किंवा कल्याणच्या न्यायालयात एखाद्या सीनिअरकडे दोन-तीन वर्षे ज्युनिअरशिप करावी आणि मगच युरोप. या क्रमाने गेलेल्याला तिकडे काही न जमले तरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी कोट चढवता येतो.

इंग्लंड व वेल्स : सनद हाती असलेल्याला हा देश सर्वांत सोयीचा आहे. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीने १ सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई ही दोन टप्प्यांची परीक्षा आणली. पहिल्या टप्प्यात १८० बहुपर्यायी प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. दुसऱ्यात अशिलाशी बोलणे, मसुदा लिहिणे, युक्तिवाद करणे अशी प्रत्यक्ष कौशल्ये तपासतात. नवख्याला याखेरीज दोन वर्षांचा पात्र कार्यानुभव लागतो. तो परदेशातही घेता येतो, फक्त त्यावर इंग्लंडच्या सॉलिसिटरची किंवा त्या व्यवस्थेत मान्य अधिकाऱ्याची सही हवी. आधीच वकील असलेल्याला हा अनुभव लागत नाही आणि अनुभवी वकिलाला दुसऱ्या टप्प्यातून सूट मागता येते. परीक्षा शुल्क मात्र पाच हजार पौंडांच्या जवळ जाते. ठाण्याच्या ज्युनिअरला सुरुवातीला मिळणारे मानधन लक्षात घेतले तर अडचण अभ्यासाची नसून पैशाची आहे. स्कॉटलंडची व्यवस्था स्वतंत्र असून एसक्यूई तेथे लागू नाही.

युरोप खंड : येथे भाषा हीच खरी परीक्षा. जर्मनीत वकील होण्यासाठी पहिली राज्यपरीक्षा, दोन वर्षांचे रेफरेंडारियाट (प्रत्यक्ष प्रशिक्षण) आणि दुसरी राज्यपरीक्षा हा एकच मळलेला मार्ग आहे. परदेशी पदवीधरांसाठीची वर्षभराची जर्मन एलएलएम या राज्यपरीक्षांची जागा घेत नाही. फ्रान्समध्ये वकील-शाळेची प्रवेश परीक्षा आणि सुमारे दीड वर्षाचे प्रशिक्षण, इटलीत पाच वर्षांची पदवी आणि अठरा महिन्यांचा सराव. युरोपीय संघातील एका देशाच्या वकिलाला १९९८ च्या निर्देशानुसार दुसऱ्या सदस्य देशात मूळ पदनामाने काम करता येते. भारतीय सनदेला ती सवलत नाही, आणि ब्रेक्झिटनंतर इंग्लंडच्या सॉलिसिटरलाही राहिली नाही. आयर्लंड संघातही आहे आणि इंग्रजीतही चालते, म्हणून अलीकडे तिकडे ओढा दिसतो.

वकिलीचा परवाना न लागणारी कामेही पुष्कळ आहेत आणि त्यांसाठीचे अभ्यासक्रमही : लायडनचा आंतरराष्ट्रीय कायदा, जिनिव्हाचा लवादाचा अभ्यासक्रम, किंवा अनेक विद्यापीठांत सत्रे फिरत होणारा युरोपियन मास्टर इन लॉ अँड इकॉनॉमिक्स, ज्यात मुंबईच्या गोरेगावातील इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचाही सहभाग राहिला आहे. असे शिकलेले बहुधा कंपन्यांच्या विधी विभागात, संशोधनात किंवा लवाद संस्थांत जातात.

खर्च : राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. मराठा-कुणबी समाजासाठीच्या 'सारथी' संस्थेची शिष्यवृत्ती आंबेडकरांना अमेरिकेला पाठवणाऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाने दिली जाते. ब्रिटनची चेव्हनिंग आणि १८९२ पासूनची जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती हेही पर्याय आहेत. जर्मनीसाठी व्हिसापूर्वी शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते आणि बंदिस्त खात्यात वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात.

परदेशी वकिलांचा प्रवेश : मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये परदेशी विधी संस्थांना येथे व्यवसाय करण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये येऊन-जाऊन सल्ला देण्यापुरती मोकळीक दिली. भारतीय विधिज्ञ परिषदेने मार्च २०२३ मध्ये परस्परतेच्या अटीवर परदेशी कायद्याचा सल्ला आणि आंतरराष्ट्रीय लवाद एवढ्यापुरती नोंदणी खुली केली आणि २०२५ मध्ये त्या नियमांत दुरुस्ती केली. भारतीय न्यायालयात उभे राहणे त्यात बसत नाही. लंडनचा सॉलिसिटर झालेला कल्याणकर, येथली सनद नसेल, तर कल्याणच्या न्यायालयात पक्षकार म्हणूनच उभा राहू शकतो.