तहकूब ठेवलेली दुरुस्ती



विमानांतील यच्चयावत् यंत्रें प्रत्येक उड्डाणाच्या वेळीं चालू असलींच पाहिजेत, अशी सामान्य प्रवाशाची समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. ज्या वस्तूवांचून सुरक्षितपणास बाध येत नाहीं, तिची दुरुस्ती कांहीं दिवस तहकूब ठेवून विमान पुढें नेण्याची परवानगी नियमांनींच दिलेली असते. त्यासाठीं एक यादी असते. मूळ यादीस सरकारी मान्यता लागते. विमान चालविणाऱ्या कंपनीस आपली यादी तिच्याहून कडक करतां येते, सैल करतां येत नाहीं. कोणती दुरुस्ती तीन दिवसांत, कोणती दहा दिवसांत व कोणती एकशें वीस दिवसांत झाली पाहिजे, हेंही तींत सांगितलेलें असतें. व्यवस्था शहाणपणाची आहे. एका वाचनदिव्यासाठीं दीडशें माणसें खोळंबून ठेवण्यांत काय अर्थ? परंतु ही यादी हातीं असतांना माणसाची गफलत कोठें होते, तें एका घटनेवरून पाहूं.

२० ऑगस्ट २००८ चा दिवस. स्पेनची राजधानी माद्रिद येथील बाराखास विमानतळावरून स्पॅनेअर कंपनीचें एम. डी. ८२ जातीचें विमान १७२ माणसांना घेऊन कॅनरी बेटांकडे निघालें होतें. धांवपट्टीशीं पोंचल्यावर वैमानिकांच्या ध्यानांत आलें कीं, बाहेरील हवेचें तपमान मोजणारी नळी भलतीच तापली आहे. आंकडा शंभर अंशांच्या पलीकडे गेलेला. त्यांनीं विमान मागें फिरविलें आणि यंत्रज्ञांस पाचारण केलें.

या नळीवर आकाशांत बर्फ धरूं नये म्हणून तिला विजेची एक लहानशी शेगडी जोडलेली असते. जमिनीवर ती बंद राहावयाची, विमान उडाल्यावर पेटावयाची. यंत्रज्ञांनीं यादी पाहिली. वाटेंत बर्फाचा संभव नसेल तर या शेगडीवांचून उड्डाण करण्यास हरकत नाहीं, असें तींत होतें. माद्रिदचा ऐन उन्हाळा; बर्फ कोठलें? शेगडीचा प्रवाह तोडला, वहींत नोंद झाली, विमान मोकळें झालें.

आतां येथें क्षणभर थांबावें. यादींतील ती ओळ न तापणाऱ्या शेगडीसाठीं होती. ही शेगडी तर उत्तम तापत होती. तिचें तापणें अवेळीं होतें, एवढेंच. मग विमान जमिनीवर असतां ती पेटली कां? अर्थात् विमानाच्या त्या भागास आपण आकाशांत आहों, असा भास होत होता म्हणून! अपघातापूर्वींच्या दोन दिवसांतही हाच प्रकार घडला होता. रोग्याचा ताप उतरत नाहीं म्हणून घरांतील तापमापक कपाटांत ठेवून द्यावा, तशांतलाच हा उपाय झाला.

विमान भूमीवर आहे कीं हवेंत, हें निरनिराळ्या यंत्रांना कळविण्याचें काम कांहीं विद्युत्-स्विचांकडे असतें. त्यांस रिले म्हणतात. ज्या रिलेवर ही शेगडी अवलंबून होती, त्याच रिलेवर आणखी एक यंत्र अवलंबून होतें. पंखांचे फ्लॅप बाहेर न काढतां वैमानिक उड्डाणास निघाला, तर मोठ्यानें ओरडून त्याला सावध करणारें तें यंत्र. हवेंत गेल्यावर त्याचें काम नसतें, म्हणून तेथें तें मुद्दाम मुकें केलेलें असतें.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. पहिल्या खेपेस फ्लॅप यथायोग्य लावलेले होते. दुसऱ्या खेपेस उशीर झालेला, मन विचलित झालेलें. तपासणीच्या वाचनांत फ्लॅपची पाळी येते न येते तोंच मुख्य वैमानिकानें सोबत्यास निघण्याची परवानगी मागण्यास सांगितलें. शेवटच्या तपासणींत आंकडे तोंडानें म्हटले गेले, डोळ्यांनीं पाहिले गेले नाहींत. यंत्र मुकेंच राहिलें. दुपारीं सुमारें अडीच वाजण्याच्या सुमारास विमान जेमतेम उचललें आणि कोसळलें. १५४ माणसें मृत्यु पावलीं, १८ वांचलीं.

२०११ सालच्या चौकशी-अहवालानें फ्लॅप न लावल्याचा दोष वैमानिकांच्या पदरीं घातला. यंत्र मुकें कां राहिलें, हें मात्र निश्चयानें सिद्ध झालें नाहीं. त्या रिलेवरील संशय तेवढा उरला. दोन यंत्रज्ञांवर फौजदारी आरोप ठेवण्यांत आला होता, तो माद्रिदच्या न्यायालयानें २०१२ मध्यें काढून टाकला. माझ्या मतें तें योग्यच झालें. यादींत त्या दोन यंत्रांचें नातें कोठेंच लिहिलेलें नसेल, तर घाईच्या घटकेला तें एकट्यादुकट्या माणसास सुचावें कसें?

पण हें सर्व प्रथमच घडत होतें असेंही नाहीं. १६ ऑगस्ट १९८७ रोजीं अमेरिकेंत डेट्रॉइट येथें याच जातीचें विमान फ्लॅपवांचून उडालें होतें, आणि तेथेंही तें यंत्र बोललें नव्हतें. विमानांतील १५५ पैकीं चार वर्षांची एक मुलगी तेवढी वांचली. त्यानंतर विमान बांधणाऱ्या कंपनीनें सर्व चालकांस तारेनें सुचविलें कीं, प्रत्येक उड्डाणापूर्वीं हें यंत्र तपासून पाहावें. ती सूचना होती, सक्ती नव्हती. स्पॅनेअरमध्यें प्रत्येक उड्डाणापूर्वीं तपासण्याचा प्रघात नव्हता. जून २००७ मध्यें कॅनरी बेटांतील लांझारोटे येथें ऑस्ट्रियन कंपनीचें एक विमान असेंच फ्लॅपवांचून उडालें व दैव बलवत्तर म्हणून सुखरूप उतरलें.

माद्रिदनंतर २००८ साल संपण्यापूर्वींच युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेनें ती तपासणी प्रत्येक उड्डाणापूर्वीं सक्तीची केली. डेट्रॉइटच्या सूचनेचा हुकूम होण्यास एकवीस वर्षें लागलीं.