टिळकांची भजनं आणि लक्ष्मीबाईंच्या ओव्या

नाताळात आपल्या गटातल्या एका ताईने चर्चमधलं मराठी भजन म्हणून दाखवलं, तेव्हा एक आजी पटकन म्हणाल्या, "अगं, हा तर अभंग!" बरोबर ओळखलं त्यांनी. आज त्याचीच गोष्ट सांगते.

नारायण वामन टिळक म्हणजे शाळेत शिकलेले फुलामुलांचे कवी. जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तेव्हा चर्चमध्ये बरीच गाणी इंग्रजीवरून उतरवलेली आणि परक्या चालीची असत. शब्द मराठी, पण गळ्याला ती आपली वाटेनात. टिळक तुकोबांच्या अभंगांवर वाढलेले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. मग त्यांनी अभंग, पदं लिहिली, टाळ घेऊन कीर्तनं केली. त्यांची दोनशेहून अधिक भजनं उपासनेच्या पुस्तकात आली. एकाचं निकोल मॅक्निकल या स्कॉटिश मिशनऱ्याने भाषांतर केलं आणि ते इंग्रजी चर्चमध्येही गायलं जाऊ लागलं. म्हणजे उलटा प्रवास!

पण मला खरी ओढ लक्ष्मीबाईंची. अकरा-बारा वर्षांच्या असताना लग्न झालं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. टिळकांनी शिकवलं, तेही रागालोभात, थांबत थांबत. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या कोसळल्याच. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. कुणी ओढून नेलं नाही त्यांना. स्वतः विचार करून 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी ओवीत ख्रिस्ताचं चरित्र लिहायला घेतलं होतं, 'ख्रिस्तायन'. अकराएक अध्याय झाले आणि 1919 मध्ये ते गेले. पुढचे साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले! 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र पुष्कळांना माहीत असतं, या ओव्या मात्र कमी जणींना. मला तर हे काम जास्त मोठं वाटतं. शाळा नसली तरी ओवी कानात होतीच ना.

आपल्या शिरवण्यात आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणते, तेही असेच पाठ. मघाच्या आजींना कितीतरी येतात. "मला कुठं लिवता येतं," म्हणून त्या हसतात. त्यांची सून दहावी झालेली आहे. येत्या बैठकीला हिशेबाच्या वहीबरोबर एक कोरी वही आणायला तिला सांगितलंय. आजी म्हणतील, ती लिहील.