आधी पंचांग तपासा : बेने इस्राएलांचे सण आणि अधिक महिना



पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की "दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, मग त्यांचा संबंध आहे असं म्हणायला काय हरकत आहे?" उत्तर पुस्तकात सापडतं, पण उदाहरणाशिवाय ते डोक्यात बसत नाही. म्हणून आज उदाहरण घेऊ आपल्याच कोकणातलं. मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे इतिहासाकडे थोडं आकडेमोडीच्या अंगाने बघणार आहे. चालवून घ्या.

बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावंच सांगतात की घर कुठल्या गावचं. पूर्वी यातले बरेच जण तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली झालं. ठाण्यातलं 'शाआर हाशामाईम' हे सिनेगॉग १८७९ सालचं. आमच्या डोळखांबहून आसनगावला येऊन लोकल पकडली की ठाणं येतंच, म्हणजे विषय काही फार लांबचा नाही.

सणांची मराठी नावं

या समाजातलेच हाईम सॅम्युएल किहीमकर (१८३०–१९०८) यांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. लेखन १८९७ मध्ये पूर्ण झालं, पण पुस्तक छापून आलं ते थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला. जुन्या काळी कोकणात सण कोणत्या नावांनी पाळले जात, ते त्यात नोंदवलंय. काही नावं बघा:

- नव्याचा सण : रोश हशाना, म्हणजे ज्यू वर्षारंभ
- खिरीचा सण : त्यानंतर काही दिवसांनी, नव्या धान्याची खीर करून
- डारफाळणीचा सण : योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास. दारं लावून घरात राहायचं, म्हणून हे नाव
- शिळा सण : त्याच्या दुसऱ्या दिवशी
- होळीचा सण : पुरीम
- अनशी धाकाचा सण : पेसाह. आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचं, असा अर्थ दिला जातो
- बिरड्याचा सण : जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाचा दिवस, आणि जेवणात वालाचं बिरडं

यांच्या जोडीला 'रमजान', 'रोजा' आणि 'एलियाहू हानबीचा उरूस' हेही शब्द आहेत.

ही यादी वाचून पहिला विचार काय येतो? "अरे, हे तर आपल्याच सणांवरून घेतलेले दिसतात!" पुरीम होळीच्या सुमारास, योम किप्पूर दसऱ्याच्या सुमारास, सुक्कोथ कोजागिरीच्या सुमारास. सगळं जुळतंय. मग निष्कर्ष लिहायचा का?

थांबा. आधी पंचांग तपासा.

चंद्र एकच आहे

ज्यू महिना अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राला धरून सुरू होतो आणि महाराष्ट्रातला अमान्त महिनाही अमावास्या संपली की सुरू होतो. म्हणजे दोन्हीकडची दशमी आणि दोन्हीकडची पौर्णिमा साधारण एकाच दिवशी येणार. फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडेल, कारण ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि आपण तिथी सूर्योदयाची धरतो. थोडक्यात, तिथी जुळणं हा काही पुरावा नाही. ती जुळणारच.

जुळेल की नाही याची शंका असते ती महिन्याबद्दल. बारा चांद्रमास म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सौर वर्षापेक्षा हे जवळपास ११ दिवसांनी कमी. हा फरक तसाच सोडला तर सण ऋतूंतून मागे मागे सरकतात, जसे मुस्लिम सण सरकतात. ज्यू आणि हिंदू दोघांनीही तो भरून काढायला अधिक महिना ठेवला. १९ सौर वर्षं म्हणजे जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमास, म्हणजे १९ वर्षांत ७ जादा महिने. इथपर्यंत दोघांचा हिशोब सारखा.

पण जादा महिना कुठे घालायचा, इथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ज्यू पद्धत ठरलेली आहे. १९ वर्षांच्या चक्रातल्या ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ व्या वर्षी अदार महिना दोनदा येतो. अदार म्हणजे पुरीमचा महिना, आणि पुरीम दुसऱ्या अदारात साजरा होतो. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक. तो कधी श्रावण असतो, कधी आश्विन, कधी ज्येष्ठ.

आता प्रत्यक्ष डेटा बघू. २०२० ते २०२५ ही सहा वर्षं घेतली.

दसरा आणि योम किप्पूर:
- २०२० : दसरा २५ ऑक्टोबर, योम किप्पूर २८ सप्टेंबर
- २०२१ : १५ ऑक्टोबर, १६ सप्टेंबर
- २०२२ : दोन्ही ५ ऑक्टोबर
- २०२३ : २४ ऑक्टोबर, २५ सप्टेंबर
- २०२४ : दोन्ही १२ ऑक्टोबर
- २०२५ : दोन्ही २ ऑक्टोबर

सहापैकी तीन वेळा अगदी तोच दिवस आणि तीन वेळा जवळपास महिन्याचं अंतर. मधली स्थिती नाहीच. २०२० मध्ये आपल्याकडे अधिक आश्विन होता आणि २०२३ मध्ये अधिक श्रावण. आपला जादा महिना आधी येऊन गेला, ज्यूंचा पुढच्या एखाद्या अदारात यायचा होता, म्हणून मधल्या काळात अंतर पडलं.

होळी आणि पुरीम घेतले तर चित्र वेगळं दिसतं. सहापैकी पाच वर्षं दोन्ही एका दिवसाच्या आतबाहेर. फक्त २०२१ ला पुरीम २६ फेब्रुवारीला आणि होळी २८ मार्चला. त्या वर्षी होळीच्या पौर्णिमेला खरं तर पेसाह सुरू झाला होता! असं का होतं? कारण ज्यूंचा जादा महिना पुरीमच्या अगदी आधी येतो. वर्षभराचं राहिलेलं अंतर बहुतेक वेळा पुरीम येईपर्यंत भरून निघतं. योम किप्पूर मात्र अंतर उघडं असतानाच येतो.

इथे सॅम्पलचा धडा शिकून घ्या. फक्त २०२४ आणि २०२५ घेतलं असतं तर "शंभर टक्के जुळतं" असं लिहून मोकळे झालो असतो. फक्त २०२० आणि २०२१ चा दसरा घेतला असता तर "काहीच संबंध नाही". आणि दसरा सोडून फक्त होळी घेतली तरी आकडा फुगतोच.

मग नावांचं काय?

तिथी जुळणं हा उसनवारीचा पुरावा नाही, हे आता कळलं. पण नाव हा पुरावा असू शकतो. पुरीमला होळीचं नाव मिळालं, ते शेजारच्या सणावरून. यात फारसा वाद नाही. पण मग योम किप्पूरला दसऱ्याचं नाव का नाही मिळालं? तोही अनेक वर्षी त्याच दिवशी येतो. त्याचं नाव पडलं ते घराच्या दारावरून. म्हणजे दिवस जुळला की नाव उचललं, असा सरळ नियम नाही. पुरीम हा मौजेचा सण, होळीही तशीच. उपासाच्या, दारं लावून बसण्याच्या दिवसाला सोनं वाटण्याच्या सणाचं नाव कोण देईल? दिवसासोबत सणाचा स्वभावही जुळावा लागतो, असं मला वाटतं.

बाकीची नावं पाहा. नवं, खीर, बिरडं, आंबट रसाचं भांडं. ही सगळी स्वयंपाकघरातली. शहापूर-मुरबाडच्या माणसाला 'नवं' म्हटलं की नवीन भात आठवतो, नवीन वर्ष नाही. आमच्याकडे हळवं भात याच सुमाराला तयार होतं, आणि कोकणात आश्विनी पौर्णिमेला नव्याची पौर्णिमाच म्हणतात. बिरड्याचा सण येतो भर पावसात. तेव्हा मळ्यात ताजी भाजी कमी आणि घरात सुके वाल असतात. धर्मग्रंथ हाताशी नसताना सण टिकवला कोणी? ज्यांच्या हाती चूल आणि भांडी होती त्यांनी. हे माझं वाचन आहे, तुम्ही ते तपासून बघा.

रमजान, रोजा, उरूस हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आलेले. म्हणजे ही नावं तरी दख्खनेत तो शब्दसंग्रह रुळल्यानंतरची. पण नाव उशिराचं म्हणून सणही उशिराचा, असं म्हणता येत नाही. जुन्या सणाला नवं नाव मिळू शकतं. नावाचं वय आणि प्रथेचं वय वेगळं मोजायचं.

जे यादीत नाही त्याचं काय?

जुन्या सणांत हनुक्का नाही. हनुक्का इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातल्या घटनेचा सण. त्यावरून असा युक्तिवाद झाला की समाजाचे पूर्वज त्या घटनेआधीच निघाले असणार. किहीमकरांनीही स्थलांतर इसवी सनपूर्व १७५ च्या सुमाराचं धरलं.

युक्तिवाद आकर्षक आहे, पण कच्चा आहे. एखादी गोष्ट आढळत नाही याला निदान दोन कारणं असू शकतात. ती कधी नव्हतीच, किंवा ती होती आणि विसरली गेली. ग्रंथांपासून तुटलेल्या समाजात विसरणं ही साधी शक्यता आहे. शिवाय यादी लिहिली गेली एकोणिसाव्या शतकात. तोवर १८२६ पासून कोचीनचे ज्यू शिक्षक इथे शिकवत होते आणि १८४६ मध्ये पेसाहची प्रार्थना मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली होती. लिहिणारा माणूस 'जुनं' आणि 'नवं' वेगळं करतो तेव्हा तोही एक निवड करत असतो.

उलट बाजूनेही तेच. बिरड्याचा सण आहे म्हणून पूर्वज इसवी सन ७० नंतर आले, असंही म्हणता येणार नाही. कारण त्याच दिवशी त्याआधीच्या, इसवी सनपूर्व ५८६ मधल्या विध्वंसाचंही स्मरण होतं.

एवढी काटेकोरी कशासाठी?

कारण या निष्कर्षांचे परिणाम जिवंत माणसांना भोगावे लागतात. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांच्या वेळी त्यांच्या वंशाची मागे जाऊन चौकशी करावी, अशा सूचना १९६२ च्या सुमारास तिथल्या मुख्य धर्मपीठाने काढल्या. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. १९६४ मध्ये हा समाज सर्व बाबतींत ज्यूच आहे असं सरकारने जाहीर केलं, तेव्हा तो वाद शमला. "यांचे सण तर होळी आणि उरूस" हे वाक्य आपल्याला टिपणातली गंमत वाटेल. ज्याच्या मुलीचं लग्न अडतं, त्याला ती गंमत नसते.

आणि शेवटी शनिवार. सगळ्यात पक्कं काय टिकलं, तर घाणा बंद ठेवण्याचा दिवस. त्याला पंचांग लागत नाही, सातपर्यंत मोजता आलं की पुरे. पौर्णिमेला आकाश पुरतं. अधिक महिन्याला मात्र हिशोब करणारा जाणकार लागतो. परंपरेतली कोणती गोष्ट टिकते याचा विचार करताना ती टिकवायला काय काय लागतं, हेही लिहून काढा.

तुमच्यासाठी एक सराव : २०२६ मध्ये आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे आणि ज्यूंचा जादा अदार येतो २०२७ च्या सुरुवातीला. तर २०२६ चा दसरा आणि योम किप्पूर जुळतील का? आणि २०२७ ची होळी आणि पुरीम? आधी कागदावर कारणासह उत्तर लिहा, मग दिनदर्शिका उघडा. हाच क्रम पाळायची सवय आत्तापासून लावून घ्या.