मुलांच्या हाती काय पडते?

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असे कार्यवाह बाईंनी सुचविले, तेव्हा राजे व लढाया बाजूस ठेवून मी एका कायद्याची हकीकत निवडली. मुले मोबाईलवर मारामारीचे खेळ खेळतात, ही नेकनूरच्या घरोघरी ऐकू येणारी तक्रार त्या कायद्याइतकी तरी जुनी आहेच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला बीड जिल्हा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी संसदेने अल्पवयीनांस अपायकारक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. खून, क्रौर्य व किळसवाणे प्रकार रंगवून वीस वर्षांखालील मुलांना बिघडवील असे पुस्तक विकणे, भाड्याने देणे वा छापणे हा त्यात गुन्हा ठरला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. असे पुस्तक अमक्याकडे मिळते अशी जाहिरात करणारासही त्यात सोडलेले नाही, हे मला विशेष वाटते.

मूळ भीती होती अमेरिकेतील चित्रमय भयकथांची. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने १९५४ साली त्यांवर पुस्तक लिहून खळबळ उडविली. कथांच्या पानांशेजारी मुलांसाठी चाकू व हवेच्या बंदुकांच्या जाहिराती असत, हे त्याने दाखविले. तिकडच्या प्रकाशकांनी त्याच वर्षी आपल्यावर आपणच नियम घालून घेतले. ब्रिटनने १९५५ मध्ये कायदा केला. पुढे २०१२ साली कॅरोल टिली या अभ्यासक बाईंनी वर्थमच्या कागदपत्रांतून दाखवून दिले की, त्याने पुराव्यात फेरफार केले होते. जाहिरातींविषयीचे त्याचे म्हणणे मात्र मला आजही पटते.

आपल्याकडे १९५२ पासून मराठीत ‘चांदोबा’ निघू लागला. त्यातला विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाले, पण कोणत्या आईने म्हणून तो अंक लपविला नसेल! वेताळ शेवटी प्रश्न विचारी आणि मूल विचारात पडे. १९६४ साली आलेल्या ‘इंद्रजाल’मधला वेताळ निराळा, कमरेला पिस्तुले लावणारा. दुष्टांच्या जबड्यावर त्याच्या अंगठीतील कवटीचा ठसा उमटे. तरी ते पुस्तक वाचून संपे आणि शेजारच्या मुलाकडे जाई.

मोबाईलवरचा खेळ संपत नाही, आणि खेळता खेळता त्यातच पोशाख व बंदुकांचे रंगही विकत घ्यावयाचे असतात! ‘पबजी’वर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, ती देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव, हिंसेचा त्यात संबंध नव्हता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला, तेव्हा रक्ताचा रंग हिरवा केला होता. रंग बदलल्याने गोळी लागायची थांबते थोडीच! अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि पालकांच्या फोन क्रमांकाची अट घातली गेली.

भगिनींनो, ही अट आपल्या घरात कशी पाळली जाईल ते पाहा. क्रमांक आईचा, पण फोन मुलाच्या हातात. परवानगी मागणारा संदेश त्याच फोनवर येतो आणि मूलच त्याला उत्तर देते.